सूर्य थापटून पाहताना

मे महिन्यात रत्नागिरीच्या बाजारात फणस घ्यायचा तर जाणता माणूस आधी त्यावर थाप मारतो. कच्चा फणस टणटणीत वाजतो, पिकलेला बद्द वाजतो. साल जाड, वर काटे. नजर आत पोचत नाही, पण आवाजाला सालीची अडचण होत नाही. सुरी न लावता गऱ्यांची बातमी बाहेर येते.

सूर्याच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञ गेली पाऊणशे वर्षे असेच काहीसे करत आले आहेत. सूर्याला थाप मारणे आपल्या हातात नाही, पण तशी गरजही पडत नाही. त्याच्या वातावरणात सतत धक्के बसत असतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात आणि सव्वाआठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचतात. हा कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. आकाशवाणीच्या कार्यक्रमासारखाच तो विद्युतचुंबकीय लहरींचा ओघ. या ओघाची तीव्रता कधी कधी ठेका धरल्यासारखी वरखाली होते. कधी सेकंदाला एकदा, कधी तीन मिनिटांनी एकदा. त्या ठेक्यावरून सूर्याच्या आतबाहेरच्या रचनेचा अंदाज बांधता येतो.

साहेबांचे कट्टे

रेडिओ लहरी हाती येण्याआधी सूर्य डोळ्यांनीच पाहावा लागे, आणि त्यासाठी शास्त्रज्ञ कोकणातही आले होते. विजयदुर्गचा किल्ला सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. किल्ल्यात पर्यटकांना ‘साहेबांचे कट्टे’ दाखवतात आणि सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियमचा शोध लावला. गोष्ट अभिमानाची आहे, पण तारखा जुळत नाहीत. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट तपासणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. हेलियमची म्हणून पुढे ओळखली गेलेली पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाची वाट न बघता, तिकडूनच पाहिली.

ते विजयदुर्गला आले हे मात्र खरे. आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेल्पोमीन’ बोटीवरची माणसे त्यांच्या मदतीला होती, आणि त्या निरीक्षणांचा अहवाल पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

एवढा खटाटोप होता दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी. चंद्राने सूर्यबिंब पुरते झाकले की भोवती मोतिया रंगाचा उजेड पसरतो. ते सूर्याचे प्रभामंडळ, म्हणजे करोना. (हा शब्द २०२० साली आपल्याला भलत्याच कारणाने पाठ झाला.) एरवी सूर्यबिंबाच्या झगमगाटात प्रभामंडळ दिसत नाही. लॉकियरांच्या काळात ते पाहण्याचा एकच मार्ग होता: ग्रहण असेल तिथे जायचे, आभाळ निरभ्र राहो म्हणायचे आणि दोन मिनिटांत जमेल तेवढे टिपायचे.

दोन मिनिटांत रूप टिपता येते. लय कळायला मात्र आवर्तनामागून आवर्तन ऐकावे लागते. दोन मात्रा ऐकून ताल ओळखता येत नाही, तसेच हे. शिवाय आमच्याकडे रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर सूर्याचे तोंड दिसले तरी पुष्कळ. प्रभामंडळावर दिवसभर, बारमाही नजर ठेवायची तर ढगांना न जुमानणारा उजेड हवा होता. तो सापडला एका लढाईत, अगदी अपघाताने.

लढाईतली खरखर

फेब्रुवारी १९४२. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. त्याच महिन्यात जर्मनीच्या दोन मोठ्या युद्धनौका इंग्लिश खाडीतून ब्रिटिशांच्या नाकासमोरून निसटल्या होत्या, आणि त्या वेळी जर्मनांनी ब्रिटिश रडार निकामी करण्यासाठी खोट्या लहरींचा मारा केला होता. त्यानंतर पंधरवड्यातच, २७ आणि २८ फेब्रुवारीला, ब्रिटनमधल्या अनेक रडारांवर पुन्हा जोरदार खरखर सुरू झाली. शत्रूची नवी चाल असणार, असे सगळ्यांना वाटले. चौकशी जेम्स स्टॅन्ली हे यांच्याकडे आली. वेगवेगळ्या ठिकाणच्या रडारचालकांनी ही खरखर कोणत्या दिशेने येते ते नोंदवले होते. दिवस पुढे सरकेल तशी ती दिशाही सरकत होती, आणि ती सूर्याची दिशा होती. सूर्यबिंबाच्या मध्याजवळ तेव्हा डागांचा एक मोठा समूह होता. जेम्स हे यांनी गुन्हेगार ओळखला, पण बातमी गुप्त राहिली आणि युद्ध संपल्यावरच जगाला कळली.

लढाईनंतर रडारची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे दोन्ही मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्सच्या समुद्रकड्यावर रूबी पेन-स्कॉट, जोसेफ पॉसी आणि मॅक्रीडी यांनी १९४६ मध्ये एक युक्ती केली. कडा पंच्याऐंशी मीटर उंच, समोर उगवता सूर्य. सूर्याची रेडिओ लहर अँटेनावर सरळ येते आणि समुद्राच्या पाण्यावर आपटूनही येते. या दोन लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. सूर्य जसजसा वर चढेल तसतशी नोंद वरखाली, वरखाली होते. हे हेलकावे किती खोल आहेत यावरून लहरींचा उगम केवढा ते काढता येते. उत्तर आले, की या जोरदार लहरी अख्ख्या बिंबातून येत नाहीत. त्या डागांच्या समूहाजवळच्या छोट्या भागातून येतात.

हाच प्रयोग रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या कड्यावरूनही करता येईल. पण आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून मावळता सूर्य धरावा लागेल. या प्रयोगातली एक गोष्ट मात्र आत्ताच गाठीला बांधून ठेवू. नोंदीत जो ठेका उमटला तो सूर्याचा नव्हता. तो वाटेतल्या पाण्याने निर्माण केला होता.

एकेका मजल्याची लहर

सूर्याचा डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्याच्या वरचे प्रभामंडळ मात्र दहा-वीस लाख अंशांचे. चुलीपासून लांब जावे आणि जास्त चटका बसावा, असा हा उलटा कारभार. १९४६ मध्ये पॉसी यांनी २०० मेगाहर्ट्झवर शांत सूर्य मोजला तेव्हा रेडिओनेही तेच लाखो अंशांचे तापमान सांगितले. इतक्या उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात.

या प्लाझ्माचा एक सोयीचा नियम आहे. इलेक्ट्रॉन जितके दाट, तितक्या जास्त वारंवारतेला तो आपसूक थरथरतो. आपल्या एफएम केंद्रांची वारंवारता शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास असते. सूर्यावर शंभर मेगाहर्ट्झची थरथर उठते ती एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे बारा कोटी इलेक्ट्रॉन असतील तिथे. आकडा मोठा वाटेल. पण आपल्या श्वासातल्या हवेच्या तुलनेत ही जवळजवळ पोकळीच आहे. सूर्यापासून वर जावे तसा प्लाझ्मा विरळ होतो आणि वारंवारता उतरते. म्हणून रेडिओचा काटा फिरवणे म्हणजे प्रभामंडळाचा जिना चढणे. काटा खाली आणला की आपण वरच्या मजल्यावर.

सौर ज्वाला, म्हणजे सूर्यावर साठलेल्या चुंबकीय ऊर्जेचा अचानक स्फोट, झाली की इलेक्ट्रॉनचा झोत प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने वर झेपावतो आणि एकेका मजल्याला धक्का देत जातो. जमिनीवरच्या यंत्राला दिसते ती काही सेकंदांत वरून खाली घसरत जाणारी वारंवारता. अशा स्फोटाला ‘टाइप थ्री’ म्हणतात. गोविंद स्वरूप टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस वेधशाळेत काम करत होते तेव्हा त्यांनी आणि ॲलन मॅक्सवेल यांनी यातलाच एक वेगळा नमुना ओळखला. वारंवारता आधी उतरते, थबकते आणि पुन्हा चढते. म्हणजे झोत वर गेला, वळला आणि खाली आला. त्याची वाटच कमानीसारखी होती. आकृतीत इंग्रजी ‘यू’ उलटा दिसतो, म्हणून या स्फोटांना ‘टाइप यू’ म्हणू लागले.

याच स्वरूपांनी पुढे महाराष्ट्रात रेडिओ खगोलशास्त्राची पहिली दुर्बीण उभी केली. ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिल इथल्या बत्तीस तबकड्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या, तिथे निकामी ठरल्या होत्या. त्या भारताला भेट मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या चमूने त्या कल्याणजवळ ओळीने बसवल्या आणि १९६५ मध्ये ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याची निरीक्षणे सुरू झाली. पुढची उटीची दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडद इथली पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण, दोन्हींचा पाया त्या सेकंडहँड तबकड्यांवर रचला गेला.

उधाण, भांग आणि लाटा

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर समुद्र एकाच वेळी अनेक ठेके धरून असतो. किनाऱ्यावर लाट काही सेकंदांनी आपटते. भरती दिवसातून दोनदा येते. पंधरवड्याला अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचे भांग. जुन्या माणसांचा हिशेब तोंडी आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीचे तास मिळाले. अष्टमीला सहा. मोटामोटी बरोबर येते.

सूर्याच्या रेडिओ ओघातही असेच लहानमोठे ठेके एकात एक गुंतलेले असतात. सगळ्यात लांबचा अकरा वर्षांचा, सूर्यडागांच्या चढउतारांचा. आर्थर कॉव्हिंग्टन यांनी १९४७ पासून कॅनडात रोज १०.७ सेंटिमीटर लांबीच्या लहरी मोजायला सुरुवात केली, आणि ती नोंद आजवर चालू आहे. डाग नसतात तेव्हा आकडा सत्तरच्या आसपास, भरात असतात तेव्हा दोनशेच्या पलीकडे. पाऊस असो, धुके असो, बर्फ पडो, नोंद चुकत नाही. उपग्रह चालवणारे आजही रोज हा आकडा पाहतात. त्याच्या आतला ठेका सत्तावीस दिवसांचा. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून डागांचा समूह समोर येतो, पलीकडे जातो आणि टिकून राहिला तर पुन्हा समोर येतो.

मग येतात मिनिटांचे ठेके. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो, हे रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. ती आत कोंडलेल्या ध्वनिलहरींची थरथर आहे. मोठ्या सूर्यडागांच्या माथ्यावर ठेका तीन मिनिटांचा होतो. जपानमधल्या नोबेयामा इथली सौर रेडिओ दुर्बीण १९९२ ते २०२० या काळात चालली. सतरा हजार मेगाहर्ट्झवर डागांवरची चमक तीन-तीन मिनिटांनी वरखाली होताना तिच्यात दिसली. डागाच्या खालून चढणारी ध्वनिलहर प्रभामंडळाच्या पायथ्याशी पोचते, तिथला प्लाझ्मा दाबते, सोडते आणि रेडिओची चमक बदलते.

या सगळ्यांहून वेगवान ठेके सौर ज्वालांच्या वेळी उमटतात. पार्क्स आणि विंकलर यांनी १९६९ मध्ये एका ज्वालेच्या क्ष-किरणांत आणि सूक्ष्मलहरींत सोळा-सोळा सेकंदांनी येणारे ठोके दाखवले. दोन्ही नोंदी एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकत होत्या. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या रोझेनबर्ग यांनी सेकंदाच्या घरातले रेडिओ ठोके घेऊन त्यांचे स्पष्टीकरण मांडले, आणि तिथून या ठेक्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली.

डुलणारी कमान

प्रभामंडळात चुंबकीय क्षेत्राच्या कमानी असतात. दोन्ही पाय पृष्ठभागात रोवलेले, मधला भाग हजारो किलोमीटर वर. प्लाझ्मा या कमानींच्या बाहेर सहज जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक कमान लवचिक नळीसारखी वागते. अशी नळी हलण्याच्या तीन मुख्य रीती. ती माडासारखी कडेला डुलते. ती फुगते आणि आक्रसते. किंवा आतला वायू कळशीतल्या पाण्यासारखा या पायाकडून त्या पायाकडे हिंदकळतो. रोझेनबर्ग यांनी बोट ठेवले ते दुसऱ्या रीतीवर: नळी आक्रसली की चुंबकीय क्षेत्र वाढते, त्यात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन जास्त रेडिओ लहरी सोडतात, नळी फुगली की ओघ कमी.

अशा लहरी असू शकतात हे स्वीडनच्या हानेस आल्फवेन यांनी कागदावर मांडले होते, तेही १९४२ सालीच. एकीकडे जेम्स हे रडारच्या खरखरीमागचा सूर्य शोधत होते आणि दुसरीकडे आल्फवेन विद्युतवाहक द्रवातल्या चुंबकीय लहरींचे गणित लिहीत होते. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. आल्फवेन यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले.

कमान खरोखर डुलताना डोळ्यांना दिसायला १९९८ साल उजाडले. अमेरिकेच्या ‘ट्रेस’ उपग्रहाने १४ जुलै १९९८ रोजी एका ज्वालेच्या धक्क्याने कमानी हलताना टिपल्या. एका कमानीची लांबी सुमारे एक लाख तीस हजार किलोमीटर, आणि एका हेलकाव्याला २५६ सेकंद. आता फणसावरची थाप आठवा. लहर कमानीच्या एका पायाकडून दुसऱ्याकडे जाऊन परत येते, म्हणजे एका हेलकाव्यात दोन लाख साठ हजार किलोमीटर कापते. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे एक हजार किलोमीटर. तार जितकी ताणलेली तितकी लहर वेगवान. इथे ताण चुंबकीय क्षेत्राचा. प्लाझ्मा किती दाट आहे याचा अंदाज असला की ताण काढता येतो. नाकारियाकोव्ह आणि ऑफमन यांनी तो काढला: सुमारे तेरा गॉस, नऊ गॉस इकडेतिकडे. आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीसेकपट.

चूक राहण्याला वाव मोठा आहे, हे आकडाच सांगतो. तरीही या आकड्याचे मोल मोठे. सूर्याच्या पृष्ठभागावरचे चुंबकीय क्षेत्र प्रकाशाच्या रेषा फाटतात त्यावरून मोजता येते. ते जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्येच सूर्यडागांत मोजले. प्रभामंडळ मात्र इतके विरळ, तप्त आणि मंद की तिथे ही पद्धत महामुश्किलीने चालते. सौर ज्वालांची सगळी ऊर्जा तर त्याच क्षेत्रात साठलेली. जे थेट मोजता येत नाही ते हेलकाव्यावरून काढायचे, हा मार्ग त्यामुळे मोलाचा ठरला. बेंगळुरूजवळच्या गौरीबिदनूर इथल्या सौर रेडिओ दुर्बिणीवरही अशा ठेक्यांचा अभ्यास झाला आहे.

पागोळ्या

पण प्रत्येक ठेक्यामागे डुलणारी कमान असेलच असे नाही. आषाढात कौलारू घराच्या पडवीत बसून पाहावे. पाऊस एकसारखा पडत असतो, कौलावरून पाणी एकसारखे उतरत असते, तरी पागोळी मात्र टप्... टप्... अशी ठेक्यात गळते. आकाशातून कोणी ताल देत नाही. कौलाच्या टोकाशी पाणी साठते, थेंब जड होतो, तुटतो. पुन्हा साठते, पुन्हा तुटते. ओघ सलग असतो, ठेका तुटण्यामुळे येतो.

सौर ज्वालेतही असेच घडत असावे असा दुसरा तर्क आहे. उलट्या दिशांच्या चुंबकीय रेषा एकमेकींवर दाबल्या जातात, ताण वाढत जातो, एका मर्यादेला रेषा तुटून नव्याने जुळतात आणि इलेक्ट्रॉनचा एक झोत सुटतो. पुन्हा ताण साठतो, पुन्हा तुटतो. रेडिओवर ठोके दिसतात, पण त्यांचा काळ कमानीच्या लांबीने ठरत नाही; साठण्याचा वेग आणि तुटण्याची मर्यादा तो ठरवतात.

म्हणजे एकाच ठेक्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला असेल तर आपल्याला फणसाबद्दल कळले, दुसरा असेल तर थाप मारणाऱ्या हाताबद्दल. नुसता आलेख पाहून हा निवाडा होत नाही, कारण दोन्हींत रेघ सारखीच वरखाली होते. निवाड्यासाठी ठेका चालू असतानाच लहरींचा उगम कुठे आहे आणि केवढा आहे, तेही सेकंदासेकंदाला पाहायला हवे.

पुण्यातून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात

हे काम पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात झाले. त्यासाठी लागणाऱ्या लहरी शंभर-दोनशे मेगाहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या एफएम केंद्रांच्या अगदी शेजारच्या. आपल्याकडे त्या पट्ट्यात इतका कोलाहल, की सूर्याची बारीक कुजबुज त्यात बुडून जाते. म्हणून दिव्य ओबेरॉय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निरीक्षणे घेतली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन या जवळजवळ निर्मनुष्य भागातल्या दुर्बिणीची. हिला तबकड्या नाहीत. जमिनीवर जाळ्या अंथरून त्यावर कोळ्यांसारखे दिसणारे छोटे अँटेना मांडले आहेत. एका चौकोनात सोळा, आणि असे चौकोन सुरुवातीला १२८. जवळजवळ प्रत्येक क्षणाला, प्रत्येक वारंवारतेला सूर्याचे वेगळे चित्र तिच्यातून काढता येते.

अतुल मोहन, सुरजित मोंडल, ओबेरॉय आणि अमेरिकेतले कॉलिन लॉन्सडेल यांनी २०१९ मध्ये टाइप थ्रीच्या दुबळ्या स्फोटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चमक एक-दोन सेकंदांच्या ठेक्याने वरखाली होत होती, हे नवे नव्हते. नवे हे होते की लहरींचा उगमही त्याच ठेक्याने लहानमोठा होत होता आणि त्याचा कल बदलत होता. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला: ही जर कमानीतली चुंबकीय लहर असेल, तर एवढ्या थोड्या वेळात एवढा मोठा बदल घडवायला तिचा वेग किती लागेल? त्या उंचीवर अशा लहरींचा नेहमीचा वेग सेकंदाला पाचशे किलोमीटरच्या आसपास. लागणारा वेग निघाला त्याच्या शंभरपटीच्या घरात. हे अशक्य. म्हणजे वर दिसणारा ठेका वरच्या प्लाझ्माचा नव्हता. खाली, जिथून इलेक्ट्रॉनचे झोत सुटतात, तिथेच काहीतरी ठेक्याने घडत होते आणि झोतांचा आकार बदलत होते. फणस थापटायला बसलेल्यांना हाताची ओळख पटली.

याच गटाने २०२० मध्ये शांत दिसणाऱ्या सूर्यावरही जागोजागी चमकून विझणारे अतिशय क्षीण रेडिओ ठिपके दाखवले. प्रभामंडळ लाखो अंश कशाने तापते, या जुन्या कोड्यावर यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये सुचवले होते की असंख्य चिमुकल्या ज्वाला मिळून ते तापवत असतील. हे ठिपके म्हणजे त्या ज्वालांच्या पाऊलखुणा असाव्यात, असा या गटाचा युक्तिवाद आहे. वाद मिटलेला नाही. पण पुरावा गोळा करण्याची एक नवी जागा सापडली.

ठेका की भास?

विज्ञानात या ठोक्यांना ‘जवळजवळ नियमित’ म्हणतात, आणि त्यातला ‘जवळजवळ’ फार महत्त्वाचा. पंचांगाशी तुलना केली की तो कळतो. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्यांची ग्रहगणिते त्यात मांडली आहेत. ग्रहण किती वाजता लागणार हे पंचांग वर्षभर आधी सांगते, कारण चंद्र-सूर्याची चाल घड्याळासारखी बांधलेली आहे. प्रभामंडळाचे पंचांग मात्र कोणी मांडू शकलेले नाही. इथले ठोके पाच-दहा वेळा येतात, अंतर बदलते, मग विरतात.

शिवाय माणसाचा कान ठेक्याला भुकेलेला असतो. रेल्वेच्या खडखडाटातही आपण गाणे बसवतो. सौर ज्वालेची चमक मुळातच झपाट्याने चढते आणि रेंगाळत उतरते, त्यावर बारीकसारीक गोंधळ. अशा नोंदीत निव्वळ योगायोगानेही तीन-चार लाटा सारख्या अंतराने दिसू शकतात. म्हणून ठेका सापडला असे म्हणण्याआधी तो योगायोग असण्याची शक्यता किती, याचे गणित करावे लागते, आणि तो वेगवेगळ्या दुर्बिणींत, वेगवेगळ्या लहरींत दिसतो का हे तपासावे लागते. वाटेतल्या लुडबुडीही वगळाव्या लागतात. डोव्हर हाइट्सला समुद्राने ठेका दिला होता. आपल्या डोक्यावरचा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, असाच रेडिओ लहरींना लुकलुकायला लावतो, आणि सूर्याच्या वातावरणातली खळबळ त्यांना पसरवून टाकते.

एवढी उस्तवार कशासाठी, असे विचारता येईल. ६ डिसेंबर २००६ रोजी सूर्याच्या एका प्रचंड रेडिओ स्फोटाने पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूचे जीपीएस विस्कळीत केले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. ४ नोव्हेंबर २०१५ ला स्वीडनमधली विमान वाहतुकीची रडार अशीच गोंधळली. आज मिरकरवाड्याहून सुटणारा ट्रॉलर जीपीएसवर परतीची वाट शोधतो, तेव्हा सूर्याच्या लहरीपणाची झळ त्यालाही लागू शकते. ज्वाला पेटण्याआधी चुंबकीय ताण कुठे आणि किती साठला आहे हे कळू लागले, तर इशारा देता येईल. ठेका हा त्या ताणाचा एक मापदंड आहे.

२ सप्टेंबर २०२३ ला सुटलेले ‘आदित्य-एल१’ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे सलग पाहते आहे. पुण्यातल्या आयुका या संस्थेने बनवलेली अतिनील दुर्बीण त्यावर आहे, आणि कृत्रिम ग्रहण घडवून प्रभामंडळ पाहणारे उपकरणही आहे. लॉकियरांना ज्यासाठी बोट घेऊन विजयदुर्गला यावे लागले ते आता रोज दिसते.

विजयदुर्गच्या कट्ट्यांवर हेलियम सापडला नाही, हे कळल्यावर तिथे जाण्याचे कारण संपत नाही. पाय मोकळे करून तिथे बसावे आणि दोन मिनिटे घड्याळ लावून समुद्राकडे पाहावे. लाटा मोजता येतील, भरती चालू आहे की ओहोटी हे सांगता येणार नाही. १८९८ साली प्रभामंडळाबाबत त्या माणसांच्या हाती तेवढाच वेळ होता.